वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे : दोन मिनिटांचा विमानप्रवास

स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या ऑर्कनी द्वीपसमूहातील वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांदरम्यानची विमानसेवा जगातील सर्वांत कमी अंतराची नियमित प्रवासी विमानसेवा म्हणून ओळखली जाते. दोन्ही विमानतळांमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे २.७ किलोमीटर असून वेळापत्रकात या प्रवासासाठी दोन मिनिटे दिलेली असतात. वारा अनुकूल असल्यास विमान याहूनही कमी वेळात पोहोचते. या मार्गावरील विक्रमी वेळ ५३ सेकंद आहे. गिनीज बुकातही या मार्गाची नोंद झाली आहे.

ही सेवा १९६७ साली सुरू झाली. जगभरातील पर्यटक आणि विमानप्रेमी तिच्याकडे कुतूहलाने पाहतात. बेटावर राहणाऱ्यांसाठी मात्र ती रुग्णालय, शाळा, बँक, टपाल आणि शासकीय कार्यालये यांच्याशी जोडणारा दुवा आहे. २.७ किलोमीटर अंतरासाठी विमान का लागते आणि एवढ्या अंतराला दोन मिनिटे का लागतात, हे दोन प्रश्न या मार्गाविषयी नेहमी विचारले जातात. त्यांची उत्तरे भूगोलात, वाऱ्याच्या गणितात आणि बेटावरील जीवनमानात आहेत.

दृष्टिक्षेपात

• मार्ग : वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे, ऑर्कनी द्वीपसमूह, स्कॉटलंड
• सरळ रेषेतील अंतर : सुमारे २.७ किलोमीटर, म्हणजेच १.७ मैल किंवा सुमारे दीड सागरी मैल
• वेळापत्रकातील वेळ : २ मिनिटे
• विक्रमी वेळ : ५३ सेकंद
• सेवेचा प्रारंभ : १९६७
• विमान कंपनी : लोगनएअर
• विमान : ब्रिटन-नॉर्मन आयलंडर, दोन इंजिने, एक वैमानिक, आठ प्रवासी
• सर्वांत जवळचे मोठे विमानतळ : कर्कवॉल, हवाई अंतर सुमारे ४४ किलोमीटर

भौगोलिक स्थान

ऑर्कनी द्वीपसमूहात लहानमोठी सुमारे ७० बेटे असून त्यांपैकी २० च्या आसपास बेटांवर मनुष्यवस्ती आहे. द्वीपसमूहाची एकूण लोकसंख्या सुमारे २२ हजार असून त्यातील बहुतांश लोक 'मेनलँड' या सर्वांत मोठ्या बेटावर राहतात. कर्कवॉल हे प्रशासकीय केंद्र याच बेटावर आहे. ही बेटे १४६८ पर्यंत नॉर्वेच्या राजसत्तेखाली होती. त्या वर्षी नॉर्वेच्या राजकन्येच्या हुंड्यापोटी ती स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण ठेवण्यात आली आणि पुढे स्कॉटलंडचाच भाग झाली. बेटांच्या नावांवर नॉर्स भाषेचा ठसा आजही दिसतो. वेस्ट्रे म्हणजे पश्चिमेचे बेट, तर पापा वेस्ट्रेच्या नावात तेथील प्राचीन ख्रिस्ती धर्मगुरूंचा उल्लेख आहे. स्थानिक रहिवासी या बेटाला थोडक्यात 'पापे' असे म्हणतात.

वेस्ट्रेचे क्षेत्रफळ सुमारे ४७ चौरस किलोमीटर आहे, तर पापा वेस्ट्रेचे अवघे ९ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेनुसार वेस्ट्रेची लोकसंख्या ५८८ आणि पापा वेस्ट्रेची ९० होती. शेती, पशुपालन आणि मासेमारी हे येथील मुख्य व्यवसाय आहेत. वेस्ट्रेचा विमानतळ बेटाच्या ईशान्य टोकाला आहे. त्यामुळे दोन बेटांमधील समुद्र ओलांडताच विमान पापा वेस्ट्रेच्या धावपट्टीवर येते.

अंतर कसे मोजले जाते?

दोन विमानतळांमधील अंतर सामान्यतः त्यांच्या अक्षांश-रेखांशांवरून काढले जाते. पृथ्वी गोल असल्यामुळे तिच्या पृष्ठभागावरील दोन बिंदूंमधील सर्वांत कमी अंतर हे एका मोठ्या वर्तुळाच्या कंसावर मोजावे लागते. मुंबई ते न्यूयॉर्कसारख्या लांबच्या मार्गांवर हा कंस सपाट नकाशावर वाकडा दिसतो. वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे यांच्यातील अंतर इतके कमी आहे, की तेथे पृथ्वीच्या गोलाईचा परिणाम नगण्य ठरतो. साध्या काटकोन त्रिकोणाचे गणितही पुरेसे होते.

वेस्ट्रेचा विमानतळ सुमारे ५९.३५ अंश उत्तर अक्षांशावर आणि २.९५ अंश पश्चिम रेखांशावर आहे. पापा वेस्ट्रेचा विमानतळ जवळजवळ त्याच अक्षांशावर, परंतु २.९० अंश पश्चिम रेखांशावर आहे. म्हणजे दोन्ही ठिकाणे जवळपास पूर्व-पश्चिम रेषेत असून त्यांच्या रेखांशांत एका अंशाच्या सुमारे विसाव्या भागाइतका फरक आहे.

विषुववृत्तावर एका रेखांशाचे अंतर सुमारे १११ किलोमीटर भरते. ध्रुवांकडे जावे तसतसे रेखांश एकमेकांच्या जवळ येत जातात. मुंबईच्या अक्षांशावर हेच अंतर सुमारे १०५ किलोमीटर होते, तर ऑर्कनीच्या अक्षांशावर ते केवळ ५७ किलोमीटरच्या आसपास उरते. या ५७ किलोमीटरांचा विसावा भाग काढला, तर उत्तर २.८ किलोमीटरच्या जवळ येते. धावपट्टीवरील कोणता बिंदू मोजणीसाठी घेतला आहे, यावर उत्तरात शंभर-दीडशे मीटरचा फरक पडू शकतो. सामान्यतः २.७ किलोमीटर हा आकडा दिला जातो.

हे अंतर किती कमी आहे, याची कल्पना मोठ्या विमानतळांच्या धावपट्ट्यांवरून येऊ शकते. एडिंबरा विमानतळाची मुख्य धावपट्टी सुमारे २.६ किलोमीटर लांब आहे, तर मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी सुमारे ३.४ किलोमीटर आहे. याचाच अर्थ, वेस्ट्रेहून निघालेले विमान पापा वेस्ट्रेला उतरते, तेव्हा मुंबईच्या धावपट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्याइतकेही अंतर त्याने कापलेले नसते.

वेळेचे गणित

आयलंडर विमानाचा नेहमीचा वेग ताशी सुमारे २४० किलोमीटर असतो. या वेगाने २.७ किलोमीटर अंतर कापण्यास ४० सेकंद पुरेत. प्रत्यक्षात वेळापत्रक दोन मिनिटांचे आहे आणि विक्रमदेखील ५३ सेकंदांच्या खाली गेलेला नाही. या फरकामागे तीन कारणे आहेत.

पहिले कारण असे की, विमान सर्व वेळ पूर्ण वेगाने उडत नाही. धावपट्टी सोडताना त्याचा वेग कमी असतो. उंची गाठत असताना वेग हळूहळू वाढतो आणि लगेचच उतरण्यासाठी तो पुन्हा कमी करावा लागतो. लांबच्या प्रवासात चढण्या-उतरण्याची ही वेळ एकूण प्रवासाचा लहानसा भाग असते. येथे मात्र जवळजवळ संपूर्ण प्रवासच चढणे आणि उतरणे यांत संपतो. ५३ सेकंदांच्या विक्रमी उड्डाणातही सरासरी वेग ताशी १८३ किलोमीटरच्या आसपास येतो. दोन मिनिटांच्या हिशेबाने तो ताशी ८१ किलोमीटर एवढाच भरतो.

दुसरे कारण वाऱ्याचे आहे. विमान नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उडते आणि उतरते, कारण समोरून येणाऱ्या वाऱ्यामुळे कमी लांबीची धावपट्टी पुरते. समजा, पश्चिमेकडून वारा वाहत आहे आणि विमानाला वेस्ट्रेहून पूर्वेकडील पापा वेस्ट्रेला जायचे आहे. अशा वेळी वैमानिकाला आधी पश्चिमेकडे उड्डाण करून मग वळण घ्यावे लागते आणि पापा वेस्ट्रेजवळ पोहोचल्यावर उतरण्यासाठी पुन्हा पश्चिमेकडे वळावे लागते. अंतर कागदावर २.७ किलोमीटर राहिले, तरी प्रत्यक्ष हवाई मार्ग त्याहून लांब होतो. उलट दिशेच्या प्रवासात मात्र विमान वाऱ्याकडे तोंड करून सरळ उडते आणि सरळ उतरते.

या दोन परिणामांपैकी मोठा कोणता, हे एका साध्या उदाहरणावरून स्पष्ट होते. वाऱ्याचा वेग ताशी ४० किलोमीटर धरला, तर पाठीमागून वारा असताना विमानाचा जमिनीवरील वेग ताशी २८० किलोमीटर होतो आणि समोरून वारा असताना तो २०० किलोमीटर राहतो. २.७ किलोमीटर अंतरासाठी पहिल्या स्थितीत सुमारे ३५ सेकंद, तर दुसऱ्या स्थितीत सुमारे ४९ सेकंद लागतात. फरक केवळ १४ सेकंदांचा आहे. एक पूर्ण वळण घेण्यास यापेक्षा अधिक वेळ जातो. त्यामुळे या मार्गावर वाऱ्याच्या जोरापेक्षा त्याची दिशा अधिक महत्त्वाची ठरते. वेस्ट्रेच्या विमानतळावर एकाहून अधिक दिशांच्या धावपट्ट्या आहेत. लहान विमानतळांवर अशी रचना करण्याचा हेतू हाच असतो, की वारा कोणत्याही दिशेने वाहत असला तरी विमानाला त्याच्याकडे तोंड करता यावे.

तिसरे कारण वेळापत्रकाच्या पद्धतीत आहे. विमान कंपन्यांच्या वेळापत्रकातील वेळ ही केवळ हवेत असण्याची वेळ नसते. विमान जागेवरून हलल्यापासून गंतव्य स्थानी थांबेपर्यंतचा काळ तिच्यात धरला जातो. धावपट्टीच्या टोकापर्यंत जाणे आणि उतरल्यावर इमारतीपर्यंत येणे यांचा समावेश त्यात होतो. हवेतील प्रत्यक्ष प्रवास बहुधा दीड मिनिटाच्या आसपास असतो.

कर्कवॉल ते वेस्ट्रे या सुमारे ४४ किलोमीटरच्या टप्प्याशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. त्या टप्प्याला सुमारे १५ मिनिटे लागतात, म्हणजे सरासरी वेग ताशी १७६ किलोमीटर होतो. विमान तेच, वैमानिक तोच. परंतु अंतर वाढले की चढण्या-उतरण्यात जाणारी वेळ अधिक किलोमीटरांवर विभागली जाते आणि सरासरी वेग दुपटीहून अधिक होतो. विमानप्रवासाची वेळ केवळ अंतराला वेगाने भागून काढता येत नाही, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

सेवेचा इतिहास

ऑर्कनीमधील हवाई वाहतुकीचा प्रारंभ कॅप्टन ई. ई. फ्रेसन यांच्या नावाशी जोडलेला आहे. त्यांच्या हायलँड एअरवेज या कंपनीने १९३३ साली स्कॉटलंडमधील इन्व्हरनेस ते कर्कवॉल अशी विमानसेवा सुरू केली. मे १९३४ मध्ये याच मार्गावर ब्रिटनमधील पहिली नियमित देशांतर्गत हवाई टपालसेवा सुरू झाली. त्याच वर्षी फ्रेसन यांनी ऑर्कनीच्या बेटांना एकमेकांशी जोडणारी विमानसेवाही सुरू केली. शेतांमधील सपाट गवताळ पट्ट्यांवर त्यांची विमाने उतरत असत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही आंतरबेट सेवा बंद पडली.

त्यानंतर १९६७ साली लोगनएअर या कंपनीने ही सेवा पुन्हा सुरू केली. १९६२ साली स्थापन झालेली ही कंपनी मुळात एका बांधकाम व्यवसायाच्या गरजेतून निर्माण झालेली हवाई टॅक्सीसेवा होती. आयलंडर हे नवे विमान त्याच सुमारास उपलब्ध झाले आणि लहान बेटांच्या आखूड धावपट्ट्यांसाठी ते योग्य ठरले. २०१७ साली या मार्गाला ५० वर्षे पूर्ण झाली.

या मार्गावरील ५३ सेकंदांचा विक्रम कॅप्टन स्टुअर्ट लिंकलेटर यांच्या नावावर आहे. त्यांनी हा प्रवास १२ हजारांहून अधिक वेळा केला. २०१३ साली ते निवृत्त झाले. प्रत्येक उड्डाण दोन मिनिटांचे धरले, तरी १२ हजार उड्डाणांचे ४०० तास होतात. एवढा काळ त्यांनी या पावणेतीन किलोमीटरच्या पट्ट्यातच काढला असे म्हणता येईल.

विमान आणि विमानतळ

आयलंडर विमानाचा आराखडा जॉन ब्रिटन आणि डेस्मंड नॉर्मन यांनी इंग्लंडच्या दक्षिणेकडील आयल ऑफ वाइट या बेटावर तयार केला. या विमानाचे पहिले उड्डाण जून १९६५ मध्ये झाले. त्याची लांबी सुमारे ११ मीटर असून पंखांचा विस्तार सुमारे १५ मीटर आहे. पंख वरच्या बाजूला असल्यामुळे खिडकीतून खालचा समुद्र आणि किनारा स्पष्ट दिसतो. चाके उड्डाणानंतर आत घेतली जात नाहीत. त्यामुळे यंत्रणा साधी राहते आणि देखभालीचा खर्च कमी होतो.

विमानात सहवैमानिक नसतो. वैमानिकाशेजारील आसनावरही प्रवासी बसू शकतो. लहान विमानात भाराचे संतुलन महत्त्वाचे असल्यामुळे कोणी कोठे बसावे, हे प्रवाशांचे आणि सामानाचे वजन पाहून ठरवले जाते. हवाई सुंदरी, खाद्यपदार्थ किंवा मनोरंजनाची साधने अर्थातच नाहीत. विमान काहीशे फूट उंचीपर्यंतच जाते.

दोन्ही विमानतळांच्या मुख्य धावपट्ट्या सुमारे ५०० मीटर लांबीच्या आणि खडी दाबून तयार केलेल्या आहेत. त्याखेरीज गवताच्या धावपट्ट्याही आहेत. टर्मिनल म्हणून लहानशी इमारत असते. विमान येण्याच्या वेळी अग्निशमनाची व्यवस्था सज्ज ठेवावी लागते आणि हे काम बेटावरील रहिवासीच प्रशिक्षण घेऊन अर्धवेळ करतात. शेतकरी किंवा दुकानदार विमानाच्या वेळेस अग्निशमनाचा गणवेश घालून उभा राहतो आणि विमान गेल्यावर आपल्या कामाला परततो. कर्कवॉल वगळता ऑर्कनीतील या लहान विमानतळांची जबाबदारी तेथील स्थानिक परिषदेकडे आहे.

हवामान हा या सेवेपुढील मोठा अडसर आहे. समुद्रावरून येणारे दाट धुके आणि हिवाळ्यातील वादळी वारे यांमुळे उड्डाणे विलंबाने होतात किंवा रद्द करावी लागतात. हिवाळ्यात या अक्षांशावर दिवसाचा प्रकाश जेमतेम सहा तास असतो.

बोट असताना विमान कशासाठी?

पापा वेस्ट्रे आणि वेस्ट्रे यांच्यादरम्यान प्रवासी बोटही चालते. वेस्ट्रेवरील पिअरोवॉल या गावापर्यंत बोटीने सुमारे २५ मिनिटे लागतात. कर्कवॉल ते वेस्ट्रे हा मोठ्या बोटीचा प्रवास सुमारे दीड तासाचा आहे. त्यामुळे केवळ दोन बेटांमधील प्रवासाचा विचार केला, तर विमान ही चैन वाटू शकते.

तथापि दोन मिनिटांचे हे उड्डाण स्वतंत्र नाही. ते कर्कवॉल, वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या त्रिकोणी फेरीचा एक टप्पा आहे. कर्कवॉलहून निघालेले विमान आधी एका बेटावर थांबते, मग दुसऱ्या बेटावर जाते आणि तेथून परत कर्कवॉलला येते. प्रत्येक बेटासाठी वेगळे विमान पाठवण्याऐवजी एकाच फेरीत दोन्ही बेटांची गरज भागवली जाते. पापा वेस्ट्रेच्या रहिवाशाच्या दृष्टीने खरे महत्त्व कर्कवॉलला वीस मिनिटांच्या आत पोहोचता येण्याला आहे. दोन मिनिटांचा टप्पा हा त्या व्यवस्थेचा परिणाम आहे.

पापा वेस्ट्रेवर रुग्णालय नाही. तज्ज्ञ डॉक्टरांना भेटण्यासाठी किंवा तपासण्यांसाठी कर्कवॉलमधील बॅल्फर रुग्णालयात जावे लागते. या रुग्णालयाची नवी इमारत २०१९ साली सुरू झाली. विमानामुळे सकाळी जाऊन त्याच दिवशी परतणे शक्य होते. बोटीवर अवलंबून राहिल्यास अनेकदा कर्कवॉलमध्ये मुक्काम करावा लागतो. गुरेढोरे आणि शेती सांभाळणाऱ्या कुटुंबाला असा मुक्काम परवडत नाही. ठरावीक विषय शिकवणारे फिरते शिक्षक, आरोग्य कर्मचारी, पशुवैद्यक आणि शासकीय अधिकारी हेही या विमानाने ये-जा करतात. लोगनएअरची आयलंडर विमाने २००६ पर्यंत स्कॉटलंडच्या बेटांवर हवाई रुग्णवाहिका म्हणूनही वापरली जात होती.

लहान बेटाच्या अस्तित्वाचा प्रश्नही या सेवेशी जोडलेला आहे. एकोणिसाव्या शतकात पापा वेस्ट्रेवर तीनशेहून अधिक लोक राहत होते. २००१ च्या जनगणनेत ही संख्या ६५ पर्यंत खाली आली होती. २०११ मध्ये ती ९० झाली. आकडे लहान असले, तरी त्यांचे परिणाम मोठे आहेत. एवढ्या छोट्या वस्तीत दोन-तीन कुटुंबे आली किंवा गेली, तरी शाळा चालू राहणार की बंद पडणार, हे ठरते. दुकान चालवण्यास, बोटीवर काम करण्यास आणि विमानतळावर अग्निशमनासाठी उभे राहण्यास पुरेशी माणसे उरणार का, हा प्रश्नही त्यातूनच निर्माण होतो. बेटावरील दुकान रहिवाशांच्या सहकारी संस्थेमार्फत चालवले जाते. दळणवळणाची खात्री असेल तरच तरुण कुटुंबे अशा ठिकाणी राहण्यास तयार होतात.

आठ प्रवाशांच्या विमानाने दोन मिनिटांचा प्रवास घडवणे हे व्यापारी दृष्ट्या फायद्याचे नाही. विमानाच्या इंजिनांचा आणि चाकांचा झिजण्याचा हिशेब उड्डाणांच्या संख्येवरही ठरतो. केवळ अंतरावर नाही. म्हणून ही सेवा सार्वजनिक सेवेच्या बंधनाखाली, ऑर्कनीच्या स्थानिक परिषदेच्या आर्थिक साहाय्याने चालवली जाते.

पर्यटकांसाठी

हा विक्रमी प्रवास करण्यासाठी जगभरातून पर्यटक येतात. प्रवास केल्याचे प्रमाणपत्रही त्यांना दिले जाते. मात्र विमानातून उतरून लगेच परतणाऱ्यांना बेटाची खरी ओळख होत नाही. पापा वेस्ट्रेवर 'नॅप ऑफ हौवर' हे नवाश्मयुगीन दगडी घर आहे. इसवी सनापूर्वी सुमारे ३७०० वर्षांच्या सुमारास तेथे वस्ती होती आणि उत्तर-पश्चिम युरोपातील आजही उभ्या असलेल्या सर्वांत प्राचीन दगडी घरांमध्ये त्याची गणना होते. बेटाच्या उत्तर भागात समुद्री पक्ष्यांची मोठी वसाहत आहे. आता नामशेष झालेल्या ग्रेट ऑक या उडता न येणाऱ्या पक्ष्याच्या ऑर्कनीतील अखेरच्या जोडीपैकी नर १८१३ साली येथेच मारला गेला. त्याचे स्मारक बेटावर उभारण्यात आले आहे.

वेस्ट्रेवर सोळाव्या शतकातील नॉल्टलँड किल्ल्याचे अवशेष आहेत. त्याच परिसरातील उत्खननात २००९ साली दगडात कोरलेली एक छोटी मानवी आकृती सापडली. ती 'वेस्ट्रे वाइफ' या नावाने प्रसिद्ध आहे.

भारतातील बेटे आणि विमानसेवा

भारतातही बेटांना जोडणाऱ्या हवाई सेवेचा प्रश्न महत्त्वाचा आहे. लक्षद्वीपमध्ये अगत्ती येथे धावपट्टी आहे. तिची लांबी सुमारे १,२०० मीटर असल्यामुळे मोठी जेट विमाने तेथे उतरू शकत नाहीत आणि पंखा असलेली एटीआर प्रकारची विमाने या मार्गावर वापरली जातात. कोची ते अगत्ती हे अंतर साडेचारशे किलोमीटरहून अधिक असून एटीआर विमानाला सुमारे दीड तास लागतो. हा सरासरी वेग ताशी ३०० किलोमीटरच्या घरात जातो, तर या विमानाचा हवेतील नेहमीचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे चढण्या-उतरण्यात आणि जमिनीवर जाणाऱ्या वेळेचा हिशेब येथेही लागू होतोच, फक्त त्याचे प्रमाण कमी असते.

अंदमान आणि निकोबार बेटांचे मुख्य विमानतळ श्रीविजयपुरम येथे आहे. पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरला हे नाव २०२४ साली देण्यात आले. विमानतळाला सेल्युलर तुरुंगात शिक्षा भोगलेल्या स्वातंत्र्यवीर विनायक दामोदर सावरकर यांचे नाव असून त्याच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन जुलै २०२३ मध्ये झाले. तेथून कार निकोबार आणि कॅम्पबेल बे यांसारख्या दूरच्या बेटांसाठी हेलिकॉप्टरसेवेचा आधार घेतला जातो. कमी प्रवासी असलेल्या मार्गांना शासकीय साहाय्य देण्याचे तत्त्व भारतातील 'उडान' योजनेतही आहे. या योजनेतील पहिले उड्डाण एप्रिल २०१७ मध्ये सिमला ते दिल्ली या मार्गावर झाले. ऑर्कनीतील व्यवस्था आणि ही योजना यांची रचना वेगळी असली, तरी दुर्गम भागातील नागरिकाला प्रवासाचा खर्च परवडावा, हा हेतू समान आहे.

सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त

लहान बेटांच्या विमानसेवांमध्ये कॅरिबियन समुद्रातील साबा बेटाचाही उल्लेख केला जातो. तेथील धावपट्टी केवळ ४०० मीटर लांब असून प्रवासी वाहतुकीसाठी वापरली जाणारी ती जगातील सर्वांत आखूड धावपट्टी मानली जाते. सिंट मार्टेनहून साबाला येण्यास सुमारे पंधरा मिनिटे लागतात. याउलट सिंगापूर ते न्यूयॉर्क या विनाथांबा मार्गाचे अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर असून प्रवासास १८ तासांहून अधिक वेळ लागतो. म्हणजे हे अंतर वेस्ट्रे-पापा वेस्ट्रे मार्गाच्या साडेपाच हजार पटींहून अधिक आहे.

'सर्वांत कमी अंतर' या बिरुदासाठी 'नियमित' हा शब्द आवश्यक आहे. खासगी किंवा खास ठरवून केलेली उड्डाणे याहून कमी अंतराची असू शकतात. जाहीर वेळापत्रकानुसार चालणाऱ्या आणि कोणीही तिकीट काढून प्रवास करू शकेल अशा विमानसेवांचाच येथे विचार केला जातो.

नव्या इंधनाचे प्रयोग

विद्युत किंवा हायड्रोजनवर चालणाऱ्या विमानांचा आजचा मोठा अडसर म्हणजे त्यांचा मर्यादित पल्ला. बॅटरीचे वजन अधिक असते आणि तुलनेने तिच्यात साठणारी ऊर्जा कमी असते. त्यामुळे लांबच्या मार्गांवर ती सध्या उपयोगी ठरत नाही. ऑर्कनीतील टप्पे मात्र काही किलोमीटरांपासून काही दशक किलोमीटरांपर्यंतच आहेत. म्हणूनच अशा प्रयोगांसाठी हा द्वीपसमूह निवडला गेला. कर्कवॉल विमानतळावर पर्यावरणपूरक विमानांच्या चाचणीसाठी एक केंद्र उभारण्यात आले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये कर्कवॉल ते विक या मार्गावर संमिश्र विद्युत विमानाचे प्रात्यक्षिक झाले. आयलंडर विमानाला विद्युत ऊर्जेवर चालवण्यासाठी २०१९ साली ब्रिटनमध्ये हाती घेण्यात आलेल्या आणि पुढे हायड्रोजनकडे वळलेल्या प्रकल्पाला 'प्रोजेक्ट फ्रेसन' असे नाव देण्यात आले. १९३४ साली या बेटांना हवाई मार्गाने जोडणाऱ्या वैमानिकाचे नाव अशा रीतीने नव्या तंत्रज्ञानाशी जोडले गेले.

वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे यांच्यातील अंतर विमानाच्या मापाने नगण्य आहे; समुद्र, धुके आणि वारा यांच्या मापाने ते तसे नाही. विक्रमांच्या यादीत ५३ सेकंदांची नोंद असली, तरी ९० लोकांच्या बेटासाठी विमान ठरल्या वेळी येणे अधिक महत्त्वाचे आहे. अर्धशतकाहून अधिक काळ ही सेवा चालू राहण्याचे कारणही तेच आहे.